कफन पेटीत आहे, हिशेब कुठे आहे?

एका बाईने स्वतः विणलेली काठाची चादर प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना भेट दिली. त्यांना तिची गरजही होती. ती नेसून ते बाहेर आले, तेव्हा एका सहाबींनी तीच चादर मागितली आणि प्रेषितांनी ती देऊन टाकली. लोक त्या सहाबींवर नाराज झाले. त्यांनी सांगितले की, वापरायला नव्हे, आपले कफन व्हावे म्हणून ती मागून घेतली. पुढे तीच चादर त्यांचे कफन झाली. हजरत सहल बिन साद (रजि.) यांनी सांगितलेली ही हकीकत सहीह बुखारीत आहे.

आपल्या घरांत ही रीत अजून दिसते. हजहून आलेली दादी जमजममध्ये भिजवून वाळवलेले कापड ट्रंकेच्या तळाशी ठेवते. कुणी हजचा एहरामच जपून ठेवतो. काही आया नोटांची एक घडीही त्या कापडात ठेवतात, "माझ्या मातीसाठी कुणापुढे हात पसरू नका" म्हणून. मुले रागावतात, "अम्मी, असं काय बोलतेस!" आम्हाला वाटते, रागावण्याऐवजी त्या वेळी शेजारी बसून पुढचे दोन प्रश्न विचारावेत. कारण कफनाची तयारी हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे.

खरा खर्च तरी किती? पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच. कापूर, अत्तर, साबण, बोरीची पाने. कब्र खोदणाऱ्यांची मजुरी, फळ्या, लागलीच तर गाडी. गुस्लचा तख्ता आणि जनाजा मस्जिदीतून मिळतो. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी तर अंगावरच्या जुन्याच कपड्यात कफन द्यायला सांगितले होते, नव्याची गरज जिवंत माणसाला जास्त असते म्हणून.

खर्च वाढतो तो दफनानंतर. जियारतीला किती देगा चढवायच्या, चाळिसाव्याला कुणाकुणाला बोलवायचे, याची चर्चा मय्यत उचलण्याआधीच सुरू होते. बाई इद्दतीत बसलेली आणि थोरला मुलगा व्याजाने पैसे शोधत फिरतो, हे आम्ही गावोगावी पाहिले आहे. मुता येथे हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा प्रेषितांनी जाफर यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला सांगितले होते. आपण नेमके उलट करतो. म्हणून ज्याला आपल्या मागे कर्ज नको आहे, त्याने हे आपल्या हाताने लिहून ठेवावे की माझ्या नावाने जेवणावळ घालू नये. मेलेल्या बापाचे लिहिलेले शब्द मुलाच्या हातात असले, की भावकीसमोर तो उभा राहू शकतो. नाहीतर बिचारा कंजूष ठरतो.

आता पैशांचे. मयताच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत आणि उरेल ते वारसांना, हा क्रम आहे. पत्नीच्या कफनाचा खर्च पतीकडे येतो. कर्जाचे गांभीर्य तर एवढे की, एका कर्जदाराचा जनाजा आला तेव्हा प्रेषितांनी स्वतः नमाज पढवली नाही. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी कर्ज आपल्यावर घेतले, मग पढवली.

आणि या कर्जात मेहर येतो. लग्नात कबूल केलेला आणि कधीच न दिलेला मेहर हे पतीवरचे कर्ज आहे. आपल्याकडे काय होते? जनाजा दारात असताना रडणाऱ्या बाईला धरून आणतात आणि म्हणतात, "मेहर माफ केला म्हण." चार बायका भोवती, मय्यत समोर. ती काय बोलणार? अशा वेळी घेतलेल्या माफीला आम्ही खुशीची माफी मानायला तयार नाही. आगाऊ तयारी करायचीच असेल तर कफनाच्या कापडाआधी मेहर देऊन टाकावा. एकदम जमत नसेल तर हप्त्याने द्यावा आणि लिहून ठेवावा.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लोकांना आपल्या अंत्यविधीचे पैसे कंपनीकडे आधीच भरता येतात. 2022 साली तिथे अशीच एक कंपनी बुडाली आणि सुमारे 46 हजार लोकांच्या योजना अडकल्या. त्याच वर्षी जुलैत सरकारी नियमन लागू झाले. आपल्याकडे कंपनीची गरज पडत नाही. मोहल्ल्याच्या जमातीचा मय्यत फंड हे काम करू शकतो. दर घरामागे महिन्याला ठरावीक रक्कम, दोघांच्या सहीचे खाते, वर्षातून एकदा हिशेब मस्जिदीत वाचून दाखवणे. मात्र ज्याची वर्गणी थकली त्याच्या दारातही हा फंड गेलाच पाहिजे. दफन हे फर्जे किफाया आहे, ते थकबाकीवर अडत नाही.

कब्रची जागा आधीच धरून ठेवण्यात आम्हाला फारसा अर्थ दिसत नाही. आपण कोणत्या भूमीत मरणार हे कुणालाच ठाऊक नाही, असे कुरआन सूरह लुकमानमध्ये सांगतो. रत्नागिरीचा माणूस कुवेतला जातो, परभणीचा पुण्याला. मुंबईत तर जागेची टंचाई इतकी की तीच जागा काही वर्षांनी पुन्हा वापरावी लागते.

त्यापेक्षा एक वही करावी. ज्याच्याकडे वसियत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहिल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत, अशी ताकीद हदीसमध्ये आहे. वसियत मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच करता येते आणि वारसाच्या नावे करायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते. ती साध्या कागदावर, मराठीतही चालते, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र घ्याव्यात. वहीत पतसंस्थेचे कर्ज, उसने, सोनेतारण, दुकानाची उधारी, कुणाची अमानत, सुटलेले रोजे, सगळे यावे. बँकेत नॉमिनी असला म्हणजे तो मालक होत नाही, पैसा वारसांचाच राहतो, हे मुलांना समजावून ठेवावे. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, तेव्हा आधार कार्ड कुठे आहे तेही लिहावे. गुस्ल कुणी द्यावे, हेही. बायका याबाबत विशेष हळव्या असतात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

ही वही बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर उघडायला मृत्यूचा दाखला लागतो, आणि तोवर दफन उरकलेले असते. कफनाच्या त्याच ट्रंकेत ठेवावी आणि किमान दोघांना सांगून ठेवावे, त्यांतली एक घरातली बाई असावी.