गैरहजर बाईचं मत बाटलीला

मतपत्रिकेवर दोन बाटल्या छापलेल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. उभीला मत म्हणजे दारूचं दुकान चालू राहू द्या, आडवीला मत म्हणजे बंद करा. ना उमेदवार, ना पक्ष. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही पाहताक्षणी समजावं इतकी सोपी मतपत्रिका सरकारी खात्याच्या हातून क्वचितच निघते.

असं थेट मतदारांनाच विचारण्याची रीत इतरत्रही आहे. स्वित्झर्लंडमध्ये अठरा महिन्यांत एक लाख सह्या जमल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट जनतेपुढे जातो. अमेरिकेत ओरेगनने १९०२ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९११ मध्ये हा हक्क मतदारांना दिला. आपल्या राज्यघटनेत तशी सोय नाही. महाराष्ट्रात मात्र दारूच्या दुकानापुरती ही वाट मोकळी आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली, की राज्य उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं आणि गुप्त मतदान होतं.

नाशिकला हा विषय जरा अडचणीचाच. जिल्हा मिरवतो ‘वाईन कॅपिटल’ म्हणून. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मुभा देण्याचं ठरवलं, तेव्हा द्राक्ष उत्पादकांचं हित पुढे केलं गेलं, तर अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. दोन्ही बाजू जनतेच्या नावाने बोलत होत्या. मतदान घेऊन जनतेला कुणी विचारलं नाही.

बाटलीच्या मतदानात विचारतात, पण मेख मोजणीत आहे. आडवी बाटली जिंकायची तर झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. म्हणजे जी आली नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून हंगामात बायका दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. नाव गावच्या यादीत, बाई बागेत. अशा दिवसांत मतदान लागलं, तर दुकानदाराला प्रचाराला फिरायचीही गरज नाही.

ही अट किती कडक आहे, ते गोव्याच्या आकड्यांवरून कळतं. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावं की नाही, यावर जनमत कौल झाला. फूल विलीनीकरणाचं, दोन पानं वेगळेपणाची. ३,८८,४३२ पैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे जवळपास ८२ टक्के मतदारांनी मत दिलं. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मतं पडली. फरक ३४,०२१ चा, आणि प्रश्न कायमचा मिटला. पण एकूण मतदारांच्या हिशेबाने दोन पानांना मिळाले जेमतेम ४४ टक्के. बाटलीचा नियम लावला असता, तर तो ऐतिहासिक कौलही नापास झाला असता! एका प्रदेशाचं भवितव्य साध्या बहुमताने ठरतं आणि नाक्यावरचं दुकान हलवायला त्याहून जास्त बळ लागतं, हा न्याय अजबच. एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतांची हीच अट आमदारांना लावली, तर विधानसभेत किती खुर्च्या भरतील, तेही एकदा मोजायला हरकत नाही.

किमान मतदानाची अट जरूर ठेवावी. मूठभरांच्या मर्जीवर कुणाचा परवाना जाऊ नये. पण ती पुरी झाली की निकाल पडलेल्या मतांवरच लागावा, आणि मतदानाची तारीख शेतीचा हंगाम पाहून ठरवावी. एवढी दुरुस्ती सरकारने करावी. तोवर गावातल्या बायकांनी सह्यांचा कागद फिरवण्याआधी मतदारयादी हातात घ्यावी, आणि मतदानाच्या दिवशी कोण गावात असेल नि कोण बागेत, हे आधी तपासावं.