दुसऱ्या सिमचा संसार

आमच्या धाराशिव जिल्ह्यात एखाद्याचा फोन नंबर मागितला, की तो सांगण्याआधी समोरचा विचारतो, ‘कोणता देऊ?’ एका माणसाला एक नंबर पुरतो, ही कल्पनाच इकडे रुजली नाही. कुणाच्याही फोनमधली नावांची यादी उघडून बघा. ‘दाजी’, ‘दाजी नवा’, ‘दाजी बीएसएनएल’, ‘दाजी घरचा’ अशी एकाच दाजींची चार रूपे तिथे गुण्यागोविंदाने नांदत असतात. शहरातल्या पाहुण्याला याची गंमत वाटते, कुणाला ही उधळपट्टीही वाटते. पण एका फोनमध्ये दोन सिमकार्डे घालण्यामागे हौस फार थोडी होती, हिशेब मोठा होता. अलीकडे तो हिशेब बदलला आहे आणि बदललेल्या हिशेबात घरातल्या बाईमाणसाचे नुकसान होऊ लागले आहे. म्हणून या साध्या विषयावर थोडे बोलायचे.

आधी सीमेची गोष्ट सांगतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा, बिदर आणि गुलबर्गा एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढे राज्ये वेगळी झाली, पण सोयरिकी काही नकाशा बघून मोडत नाहीत. उमरगा-मुरूमकडच्या घरांचा रोटीबेटी व्यवहार आजही आळंद-बसवकल्याणपर्यंत चालतो. मोबाइल कंपन्यांना मात्र परवाने मिळाले ते सर्कलनुसार. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, कर्नाटक दुसरे, मुंबई तर आपल्याच राज्यात असून तिसरे. उमरग्याच्या शिवारात उभ्या असलेल्या माणसाचा फोन कर्नाटकातल्या टॉवरने पकडला, की तो माणूस जागेवरून न हलता परराज्यात जाई आणि रोमिंग लागू होई. रेडिओलहरींना सीमा कळत नाही, बिलाला बरोबर कळते! जुलै २०१३ पर्यंत रोमिंगमध्ये आलेला फोन नुसता उचलायचे मिनिटाला कमाल पावणेदोन रुपये पडत. त्यानंतर ट्रायने ही मर्यादा ७५ पैशांवर आणि मे २०१५ मध्ये ४५ पैशांवर आणली. तोवर लेकीने सासरहून फोन केला, तरी पैसे बापाचेही जायचे. अशा वेळी पलीकडच्या सर्कलचे एक सिम जवळ ठेवणे हा चैनीचा नव्हे, शहाणपणाचा भाग होता.

हेच भूम, वाशी, कळंबकडच्या ऊसतोड मजुरांचे. दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे आणि पाडव्याच्या आगेमागे परतायचे. कुणाचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात, कुणाचा कर्नाटकातल्या कारखान्यावर. एक सिम मुकादमासाठी आणि दुसरे गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईसाठी, अशी वाटणी आपोआप झाली. पोट भरायला मुंबईत गेलेल्या पोरांचीही तीच तऱ्हा.

त्यात भावांची चढाओढ. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला, तेव्हा मिनिटाचा दर आठ रुपयांच्या वर होता. आलेल्या फोनलाही पैसे पडत, ते २००३ मध्ये थांबले. २००९ मध्ये सेकंदाच्या हिशेबाने आकारणी आली आणि मग एकेका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या एकमेकींशी भिडल्या. एकीचा रात्रीचा दर स्वस्त, दुसरीचे आपल्याच कंपनीतले बोलणे जवळपास फुकट. सासुरवाडीची कंपनी वेगळी असेल, तर तिचेही सिम घ्यावे लागे. शिवाय आमच्याकडे बालाघाटाचे डोंगर. टेकडीच्या अलीकडे एका कंपनीची रेंज, पलीकडे दुसरीची. भारनियमनात वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली, की एक कंपनी मुकी व्हायची. दुसरी बोलत असली म्हणजे मिळवले.

ही गरज बड्या कंपन्यांच्या आधी छोट्यांना कळली. दोन सिमचा ‘ट्विन’ नावाचा फोन फिनलंडच्या बेनेफॉन कंपनीने २००० च्या सुमारास काढला होता, पण त्यात एका वेळी एकच सिम चालायचे. आपल्याकडे गावोगावच्या बाजारात दोन सिमचे पीक आले ते ‘चायना मोबाइल’मुळे आणि पाठोपाठ आलेल्या स्वस्त देशी फोनांमुळे. मोठा आवाज, मोठी बॅटरी आणि दोन सिम, ही त्यांची ख्याती. त्यातल्या कित्येकांना फोनची ओळख पटवणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांकच नव्हता. २००९ च्या अखेरीस सरकारने असे फोन बंद पाडले. नोकियाने दोन सिमचा फोन जाहीर केला २०१० मध्ये आणि आयफोनला ही सोय यायला २०१८ उजाडले. आठवडी बाजारातल्या गिऱ्हाइकाला जे आधीच ठाऊक होते, ते श्रीमंतांच्या फोनला एवढ्या उशिरा सुचले.

या फोनची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. बहुतेक फोनमध्ये सिम दोन असली, तरी बोलण्यासाठीची रेडिओयंत्रणा एकच असते. घराला दारे दोन, पण दार उघडणारा माणूस एकच. कुणी बोलत नसते तेव्हा तो दोन्ही दारांवर आळीपाळीने कान ठेवतो. एका दारात बोलायला उभा राहिला, की दुसऱ्या दारावरची थाप त्याला ऐकू येत नाही. पलीकडच्याला मात्र ऐकू येते, ‘आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.’ घरात बसून मावशीशी बोलणारा नवरा अशा वेळी संपर्क क्षेत्राबाहेर कसा गेला, यावरून किती घरांत भांडणे झाली असतील, त्याची गणती नाही. दोन्ही सिमवर एकाच वेळी बोलणी पेलणारे फोनही आहेत, पण स्वस्तात ते सहसा मिळत नाहीत.

खरे पाहता या दुसऱ्या सिमचे काम केव्हाच संपायला हवे होते. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, बोलणे डेटाच्या पॅकमध्येच मिळू लागले आणि पुढच्या वर्षभरात देशातले रोमिंगही जवळपास निघाले. सर्कलची भिंत पडली. कंपन्याही विलीन होत किंवा बुडत तीन खासगी आणि एक सरकारी एवढ्यावर आल्या. तरीही दुसरे सिम गेले नाही. कारण मधल्या काळात नंबर हा बोलण्यापुरता राहिला नव्हता. तो कागद झाला होता. बँक, आधार, गॅस, पीकविमा, शेतकऱ्यांचा सन्मान निधी, सगळीकडे ओटीपी त्या नंबरवर येतो. सातबारा जपावा तसा तो जपावा लागतो.

आणि इथेच बाईमाणसाचा प्रश्न येतो. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या सुमारे ५४ टक्केच निघाल्या. उरलेल्यांच्या नावावर नंबर नसतो असे नाही. कित्येकींचा असतो, पण तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनमधल्या दुसऱ्या खाचेत राहतो. बचत गटाचे खाते उघडताना सिम घेतले, ते यजमानांच्या फोनमध्ये बसवले, विषय संपला. तिचा नंबर तिच्याजवळ नसतो, बऱ्याचदा तो तिला पाठही नसतो.

माझ्या एका आत्याचे असेच झाले. तिचे सिम मामांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, फोनमध्ये. त्यावर कुणी फोन करीत नाही, म्हणून त्यात पैसे भरणे थांबले. नंबर कधी बंद पडला, कुणाच्या ध्यानातही आले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सुरू झाली. त्यात बाईच्या आधारशी जोडलेल्या नंबरवर एक ओटीपी आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नंबरवर दुसरा. मामांचा ओटीपी पहिल्या सिमवर ठणकन आला, आत्याचा आलाच नाही. तिचा जुना नंबर लावून पाहिला, तर कुणी परका माणूस हिंदीतून बोलला. नवे सिम, आधार केंद्राच्या खेपा, रांगेतले दिवस, बुडालेली रोजंदारी. महिन्याच्या पंधराशे रुपयांसाठी हे सगळे तिने साठीला टेकल्यावर केले. त्याच महिन्यात परंडा-भूमकडे अतिवृष्टीने शेते खरवडून नेली. मदत येणार ती बँक खात्यावर, आणि खात्याची किल्ली पुन्हा नंबरच.

मग नंबर जिवंत का ठेवत नाहीत, असे कुणी म्हणेल. त्याला पैसे पडतात. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर खासगी कंपन्यांचे साधे महिन्याचे रिचार्ज दोनशेच्या घरात गेले. हा महिनाही अठ्ठावीस दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. आपल्या पंचांगात धोंड्याचा महिना तीन वर्षांतून एकदा येतो. कंपन्यांच्या पंचांगात तो दरवर्षी येतो आणि जावयाचा पाट कंपनीलाच मांडायचा! एका सिमचे वर्षाचे अडीच हजार रुपये म्हणजे आत्याचे जवळपास दोन हप्ते. ओटीपीपुरते जिवंत राहणाऱ्या नंबरासाठी नको असलेला डेटा विकत घ्यायला कोण तयार होईल?

ट्रायलाही हे दिसले. डिसेंबर २०२४ मध्ये तिने कंपन्यांना, डेटा नको असलेल्यांसाठी फक्त बोलणे आणि संदेश एवढ्याचे व्हाउचर ठेवायला सांगितले आणि त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेण्याची मोकळीक दिली. जानेवारी २०२५ पासून अशी व्हाउचरे आली, पण ती ८४ दिवसांची किंवा वर्षाची. रक्कम एकदम मोजायची. हातावर पोट असलेल्याला स्वस्त पडणारी गोष्टही एकरकमी असली की महागच वाटते. नुसता नंबर जिवंत ठेवण्याचे, कुणालाही परवडेल असे छोटे रिचार्ज सगळ्या कंपन्यांनी दिले पाहिजे. जिथे सरकारच नंबराशिवाय दारात उभे करीत नाही, तिथे ही मागणी अवाजवी नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काही गोष्टी आहेत. नव्वद दिवस वापर नसला, तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि आणखी किमान नव्वद दिवस थांबून तो दुसऱ्याला देऊ शकते. खात्यात वीस रुपये शिल्लक असतील, तर २०१३ च्या नियमाप्रमाणे ते कापून नंबर तीस दिवस पुढे ढकलला जातो, हे फार थोड्यांना माहीत असते. नंबर सोडायचाच असेल, तर आधी बँक आणि आधारमध्ये तो बदलून घ्यावा. बंद झालेल्या नंबरांची यादी पाहून आपल्या नोंदी तपासा, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना कळवले आहे, पण आपण त्यावर विसंबून राहू नये. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर दिसते. परगावी असताना पाहुण्याच्या नावावर घेतलेले सिम मात्र तिथे आपल्या नावापुढे दिसणार नाही. असे सिम बँकेला जोडलेले असेल, तर ते आधी सोडवावे.

आज रविवार आहे, घरातली माणसे घरात असतील. एक वही घ्यावी आणि प्रत्येकाचा नंबर लिहावा. तो कुणाच्या नावावर आहे, कोणत्या खात्याला जोडला आहे, रिचार्ज कधी संपते, हे त्यापुढे मांडावे. सुरुवात घरातल्या बाईच्या नंबरापासून करावी आणि तो तिलाच तिच्या हाताने लिहू द्यावा. जमले तर घरातला एखादा जुना फोन दुरुस्त करून ते सिम त्यात घालावे आणि तिच्या हाती द्यावे. दुसऱ्या खाचेने आमच्या गरिबीत फार काम केले, पण तिथे आयुष्यभर भाड्याने राहावे, अशी ती जागा नव्हे.