न्योर्डलिंगन : भिंतीतला दगड काय सांगतो

आज आपल्याला जर्मनीत जायचंय. बव्हेरिया राज्याच्या पश्चिम टोकाला न्योर्डलिंगन नावाचं एक लहान शहर आहे. वस्ती साधारण 20 हजार. भोवतीची मध्ययुगीन तटबंदी अजून अखंड आहे. तटावरूनच चालत पावणेतीन किलोमीटरची फेरी पुरी होते. मधोमध संत गेऑर्ग यांचं चर्च आणि त्याचा 90 मीटर उंच मनोरा. या मनोऱ्याला लोक लाडाने 'डानिएल' म्हणतात, आणि रात्री तिथून पहारेकरी अजूनही आरोळी देतो. पर्यटक येतात ते यासाठी. आम्हाला मात्र बोलायचंय ते मनोऱ्याच्या दगडाबद्दल.

मनोऱ्यावरून पाहिलं तर सगळीकडे सपाट, सुपीक शेती दिसते आणि दूर क्षितिजाशी टेकड्यांची गोल कड. जणू मोठं ताटच. व्यास सुमारे 24 किलोमीटर. या प्रदेशाला रीस म्हणतात. एका बाजूला श्वेबियाचं चुनखडीचं पठार, दुसऱ्या बाजूला फ्रँकोनियाचं, आणि मध्येच हे ताट. ते आलं कुठून?

जुने भूवैज्ञानिक म्हणत, ज्वालामुखीतून. यावर हसू नये. इथला सुएव्हाइट नावाचा करडा दगड, ज्यातून हा मनोरा उभा राहिला, त्यात वितळून थिजलेली काच आहे. दिसायला तो ज्वालामुखीच्या राखेच्या दगडासारखाच. शिवाय त्याच श्वेबियन पठारावर पश्चिमेला, उराखच्या परिसरात, खरेखुरे प्राचीन ज्वालामुखी आहेत. अनुमान अगदी रीतसर होतं.

1904 मध्ये एर्न्स्ट वेर्नर यांनी मांडलं की हे विवर उल्कापाताचं असावं. 1936 मध्ये ओटो श्टुत्सर यांनी तेच म्हटलं. फारसं कुणी मानलं नाही. मग 1960 मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर इथे आले. त्यांनी आणि एडवर्ड चाओ यांनी सुएव्हाइटमध्ये कोएसाइट शोधून काढलं. म्हणजे काय, तर वाळूतलं आपलं नेहमीचं क्वार्ट्झच, पण प्रचंड दाबाखाली रूप पालटलेलं. भूपृष्ठावरच्या ज्वालामुखीत एवढा दाब निर्माणच होत नाही. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी आकाशातून काहीतरी येऊन आदळलं होतं, हे त्यातून ठरलं.

आता इथे आपल्या नैयायिकांची आठवण होते. जो हेतू साध्य असेल तिथेही आढळतो आणि नसेल तिथेही आढळतो, त्याला ते अनैकान्तिक म्हणतात. थिजलेली काच हा असा हेतू. ज्वालामुखीतही काच होते, आघातानेही होते. काच कितीही गोळा केली तरी वाद मिटणार नव्हता. कोएसाइटचं तसं नाही. तो एकाच बाजूला बोलतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची कथा हीच. तिथे तर सभोवार बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीचाच खडक! तिथेही निर्णय झाला तो आघाताच्या खुणा खनिजांत सापडल्यावर, 1970च्या दशकात.

मग वेर्नर यांना 1904 मध्ये हे 'माहीत' होतं का? विद्यार्थी हा प्रश्न हटकून विचारतात. त्यांचं म्हणणं खरं निघालं, यात शंका नाही. पण विरुद्ध पक्षाला गप्प करील असा हेतू त्यांच्या हाती नव्हता. आमच्या मते त्यांना ते सुचलं होतं, माहीत नव्हतं. आणि ज्वालामुखीवाले चुकले, तरी हातातल्या पुराव्याशी ते प्रामाणिक होते. शाळेच्या पुस्तकात पहिल्याला द्रष्टा आणि दुसऱ्यांना हटवादी ठरवून मोकळे होतात, ते आम्हाला पटत नाही.

हाच पेच पुढे चंद्रावर उभा होता. तिथली विवरं ज्वालामुखीची की आघाताची, यावर दीर्घकाळ वाद होता. म्हणून 1970च्या उन्हाळ्यात ॲलन शेपर्ड, एडगर मिचेल हे अपोलो 14चे अंतराळवीर रीसमध्ये आले आणि इथल्या खाणींतून आघाताचे खडक ओळखायला शिकले. फेब्रुवारी 1971 मध्ये दोघे चंद्रावर उतरले. न्योर्डलिंगनच्या विवर-संग्रहालयात आज अपोलो 16ने आणलेला चंद्राचा एक दगड ठेवलेला आहे. तो पाहून बाहेर पडलात की चर्चच्या भिंतीजवळही थोडं थांबा.