इलेक्ट्रिक गाडी घेताय? कोणती सवलत बिलात, कोणती नुसती बोलण्यात

दुकानात येणारे बरेच जण सध्या एकच विचारतात, "इलेक्ट्रिक कारवर सरकार किती देतं?" माझं उत्तर असतं, आधी कोटेशन आणा. जी सवलत त्यात आकड्यात दिसत नाही, ती धरून हप्त्याचं गणित बसवू नका. बँक कर्ज बघते ते बिलावर, पुढे कधीतरी येणाऱ्या पैशांवर नाही.

जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्केच आहे. तो किमतीत आधीच धरलेला असतो, त्यामुळे सेल्समन "तुमच्यासाठी खास" म्हणाला तर फक्त हसा. खरा फायदा रोड टॅक्समध्ये आहे. आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला ११ टक्के लागतात, म्हणजे आठ लाखांच्या गाडीवर ८८,००० रुपये. इलेक्ट्रिकला हा कर माफ, नोंदणी फीसुद्धा माफ. तरी कोटेशनमध्ये 'आरटीओ' समोर मोठा आकडा असेल, तर तो कशाकशाचा आहे ते फोडून लिहून घ्या.

राज्याचं २०२५ चं धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात कारच्या मूळ किमतीवर १० टक्क्यांपर्यंत सवलत आहे, पण गाड्यांची संख्या ठरलेली आहे. ती बिलातून वजा होणार की नंतर मिळणार, हे डीलरकडून लेखी घ्या. टोलमाफी समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर. बोरी अरब ते यवतमाळ फेऱ्या मारणाऱ्याला तिचा काय उपयोग? कारंजाकडून समृद्धी धरणाऱ्याला मात्र आहे.

आता जे मिळत नाही ते. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, अ‍ॅम्ब्युलन्ससाठी काढलेली. खासगी कार त्यात नव्हतीच. कर्जाच्या व्याजावरची दीड लाखाची '८०ईईबी' सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे. जुने व्हिडिओ बघून लोक अजून ती धरतात.

दुकानदारांनो, तुमचं गणित वेगळंय. धंद्यात वापरलेल्या साध्या कारला घसारा १५ टक्के, इलेक्ट्रिकला ४०. पण रिटर्न '४४एडी'ने, म्हणजे अंदाजे नफा दाखवून भरत असाल, तर घसारा वेगळा मिळत नाही. आपल्याकडचे बरेच लहान दुकानदार तसंच भरतात. सीएला हे बुकिंगच्या आधी विचारा.

आणि मालच आणायचा असेल तर कार कशाला? कारवरच्या जीएसटीचं क्रेडिट सहसा मिळत नाही. मालवाहू तीनचाकीवर मिळतं, फक्त तुम्ही कंपोझिशनमध्ये नको. चार लाखांच्या गाडीवर ते होतात २०,००० रुपये. मात्र कोटेशन पहिल्या दिवसापासून दुकानाच्या नावाने, जीएसटी नंबर टाकूनच घ्या. बिल निघाल्यावर नाव बदलायला शोरूमवाले फार फिरवतात.