दाट तेल पातळ कसे करावे?
रंग घट्ट झाला की रंगारी त्यात टर्पेंटाइन ओततो. जमिनीखालच्या डांबरासारख्या दाट तेलावर ही युक्ती चालेल का? कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात रॉजर बटलर व इगोर मोक्रिस यांनी १९८९ च्या सुमारास दोन काचांमधल्या चिंचोळ्या फटीत असे तेल भरून टोल्युइन हा द्रावक सोडला. तेल पातळ होऊन खाली ओघळू लागले!

आपल्याकडे गुजरातेत मेहसाणाजवळ बलोल, सांथल इथे असेच दाट तेल आहे. तिथे १९९० च्या दशकात जमिनीखालीच थोडे तेल पेटवून उरलेले पातळ करण्याचा मार्ग धरला गेला. द्रावकाला आग नको, वाफही नको. पण तो महाग; जमिनीतच मुरला तर सौदा तोट्याचा. म्हणून प्रयोगशाळेत खरा हिशेब एकच: घातलेल्यापैकी परत किती आला?