तहसील कचेरीतले डीबीए

आयटी कंपनीत ‘डीबीए’, म्हणजे डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेटर, म्हटले की ओरॅकलचे प्रमाणपत्र मिळवलेला आणि रात्री दोनलाही फोन उचलणारा माणूस समोर येतो. पाटण, जत किंवा खंडाळ्याच्या तहसील कचेरीत मात्र ही तीन अक्षरे नायब तहसीलदाराच्या नावापुढे लागतात. जमिनीच्या हक्कांतले बदल, म्हणजे फेरफार, ऑनलाइन नोंदवणाऱ्या ई-फेरफार प्रकल्पाने तालुक्यातल्या एका अधिकाऱ्याकडे हे काम सोपवले. तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांचे युजर तयार करायचे, बदली झाली की जुने बंद करायचे, कोणाला काय दिसावे नि काय बदलता यावे ते पाहायचे. सर्व्हर सांभाळतात केंद्र सरकारच्या एनआयसीचे तंत्रज्ञ. पण सर्व्हरवरच्या माहितीचा भरवसा सांभाळणे हाही डीबीएच्या कामाचा अर्धा भाग असतो, आणि सातारा जिल्ह्याच्या 11 व सांगलीच्या 10 तालुक्यांत हा अर्धा भाग महसूल खात्यातली माणसे गेल्या दशकात शिकली. ती कशी शिकली, याची गोष्ट कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुरू होते आणि तिथे संपत नाही.

या दोन जिल्ह्यांत तंत्रशिक्षणाची कमतरता कधीच नव्हती. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय 1947चे, कराडचे शासकीय महाविद्यालय 1960चे. साताऱ्यात रयतचे आणि साखराळ्यात राजारामबापूंच्या नावाचे अशी दोन्ही महाविद्यालये 1983ची. डेटाबेस हा विषय तिथे एलमासरी-नवाथे किंवा कोर्थच्या पुस्तकातून शिकवला गेला. प्रात्यक्षिकाला ओरॅकलसोबत येणारी दोन टेबले असत, एकात कर्मचारी आणि दुसऱ्यात विभाग. युजर ‘स्कॉट’, पासवर्ड ‘टायगर’. स्कॉट हा ओरॅकलच्या सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक आणि टायगर त्याचे मांजर, हे पोरांना फार उशिरा कळायचे. चौदा कर्मचाऱ्यांच्या त्या टेबलावर जॉइन आणि ग्रुप-बाय घोटून पिढ्याच्या पिढ्या पास झाल्या.

बॅकअप मात्र कोणी घेत नव्हते. घ्यायचा कशाला? टेबल उडाले तर लॅब असिस्टंट स्क्रिप्ट पुन्हा चालवी. रिकव्हरी हा परीक्षेत आठ गुणांचा प्रश्न होता. ज्यांना खरोखर सर्व्हर सांभाळायचा होता ते पुण्याला गेले, तिथल्या क्लासमध्ये शिकले आणि बहुतेक तिथेच राहिले. इकडच्या पतसंस्था, दूध संघ आणि कारखान्यांची लेखापाल मंडळी फॉक्सप्रोच्या फायलींवर हिशेब चालवत राहिली. फॉक्सप्रोत टेबल म्हणजे साधी फाइल. ती पेनड्राइव्हवर घरी नेता येई, आणि कोणी नेली ते कळायला मार्ग नसे.

1998मध्ये वारणा खोऱ्यात मोठा प्रयोग झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या 70 गावांसाठी केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूहाने मिळून संगणकांचे जाळे टाकले. त्या काळी त्याची चर्चा देशभर झाली. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी पाहिले तेव्हा बाकी स्वप्ने बाजूला राहिली होती; शेतकऱ्याला हवी होती फक्त उसाच्या नोंदीची, वजनाची आणि बिलाची माहिती. त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस आणून तेच काम करून दाखवले. डेटाबेस साखर कारखान्यात होता तिथेच राहिला. यंत्रांपेक्षा त्यामागची नोंद महत्त्वाची, हे वारणेकाठी इतके आधी कळले होते, तरी पुढच्या योजनांनी खरेदी यंत्रांचीच केली.

जमिनीच्या नोंदींचे संगणकीकरण केंद्राने 1988-89मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केले. महाराष्ट्रातला त्यातला जिल्हा वर्धा. कृष्णाकाठी ते पोहोचले तेव्हा सुरुवातीला छापील सातबारा मिळू लागला एवढेच. हस्तलिखित एकीकडे, संगणकातला उतारा दुसरीकडे, आणि दोन्ही जुळतीलच याची खात्री कोणालाच नाही. फेरफारच ऑनलाइन घ्यायचा ठरला तेव्हा ही फट झाकता येईना.

मग प्रशिक्षण सुरू झाले आणि गंमत अशी की शिकवायचे होते त्यातले बरेचसे शिकणाऱ्यांना आधीच येत होते. एफ. जी. एच. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याच्या महसुली मॅन्युअलने मुंबई इलाख्यात 21 गाव नमुन्यांची चौकट बसवली. नमुना सातमध्ये गटाचे क्षेत्र आणि धारण करणारे, आठ-अमध्ये तेच क्षेत्र खातेदारानुसार, सहामध्ये फेरफार, सहा-अमध्ये हरकती. सात आणि आठ-अ यांना जोडतो खाते क्रमांक. आयबीएमच्या एडगर कॉडने 1970मध्ये रिलेशनल मॉडेलचा निबंध लिहिला. त्यात की, टेबले आणि त्यांच्यातला संबंध याबद्दल जे आहे ते अनुभवी अव्वल कारकुनाला नवे वाटू नये. फेरफाराने नाव कमी झाले तरी ते खोडत नाहीत, कंसात टाकतात. आज सॉफ्टवेअरवाले ज्याला ऑडिट ट्रेल म्हणून मिरवतात ते हेच. नोंद घालणारा तलाठी आणि ती प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी वेगळा, मध्ये नोटिशीचे पंधरा दिवस. एकाच हातात सगळे अधिकार नकोत, हा डीबीएच्या पहिल्या धड्यातला नियम गावच्या चावडीत आधीपासून पाळला जात होता.

कागद आणि सर्व्हर यांत फरक एकच होता, पण तो निर्णायक ठरला. कागदावर बेरीज चुकली तरी नोंदवही तक्रार करत नाही. सर्व्हर करतो. एडिट, री-एडिट अशा फेऱ्यांत हस्तलिखिताशी ताळा सुरू झाला आणि 2017मध्ये चावडी वाचनात सातबारे गावकऱ्यांसमोर वाचले गेले. त्यानंतर ओडीसी नावाच्या प्रणालीतले विसंगतीचे अहवाल तालुक्याच्या मानगुटीवर बसले. गटाचे एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळत नाही. एकाच माणसाची एकाच गावात तीन खाती. खाते आहे, पण त्याला जमीनच नाही. प्रत्येक अहवाल ‘निरंक’ करायचा, म्हणजे शून्यावर आणायचा, आणि त्यासाठी बहुतेक वेळा जमीन महसूल संहितेच्या कलम 155चा, म्हणजे लेखनचूक दुरुस्तीचा, आदेश काढायचा. डेटा क्लीनिंगवर कुठल्याही क्लासने इतका कठोर अभ्यासक्रम बनवला नसेल. स्कॉटच्या चौदा ओळींत चूक काढायला काही नव्हते. इथे चुकीमागे माणूस उभा होता, तोही बहुधा भाऊबंदकीतला.

सर्व्हर दिवसा इतका मंद चाले की तलाठी रात्री जागून नोंदी घालत. 1 मे 2018 रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि डीएससी, म्हणजे स्वाक्षरीचे ते छोटे टोकन, दप्तराइतकेच जपायची वस्तू झाली. निदान व्हायला हवी होती. गावोगाव ‘झिरो तलाठी’ म्हणून ओळखला जाणारा खासगी मदतनीस असतो; कामाच्या रेट्यात टोकन आणि पासवर्ड त्याच्याकडे गेल्याच्या तक्रारी राज्यभर होत राहिल्या. युजर कोण हे प्रणालीला ठाऊक असते, कीबोर्डवर बसलेला कोण हे नाही. प्रशिक्षणातला हा सर्वांत कच्चा दुवा, आणि तो तांत्रिक नाहीच. एका तलाठ्याकडे अनेक गावे देऊन त्याला पासवर्ड कोणाला सांगू नको म्हणणे सोपे आहे.

बॅकअपचा धडा नदीने दिला. ऑगस्ट 2019मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले; धोक्याची पातळी 45 फूट. पूर ओसरल्यावर पंचनामे आणि नुकसानभरपाईसाठी लागते ती कोणत्या गटात कोणाचे किती क्षेत्र ही यादी. ती गावातल्या कपाटापासून दूर सर्व्हरवर असण्याचे मोल पलूस-मिरजेच्या पूरपट्ट्यात वेगळे समजावून सांगावे लागले नसेल. अर्थात दूरची प्रतही परत आणता आली तरच कामाची. 31 जानेवारी 2017ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेस पुसला आणि पाच प्रकारच्या बॅकअपपैकी एकही धड चालेना. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. तिथले लोक शिकलेसवरलेलेच होते.

महसुलात माणूस एका खुर्चीवर साधारण तीन वर्षे टिकतो. त्यामुळे तालुक्याचा डीबीए जरा तयार होतो तोवर बदली येते, आणि नवा अधिकारी जमाबंदी आयुक्तालयाची परिपत्रके, व्हिडिओ कॉन्फरन्स, व्हॉट्सअॅप ग्रुप आणि शेजारच्या तालुक्यातला जाणकार यांच्या आधाराने पुन्हा सुरुवात करतो. शिकवण्याची ही रीत अभियांत्रिकी कॉलेजांहून जिवंत आहे, पण तिची वही कुठेच राहत नाही. त्याच वेळी वालचंदमध्ये विद्यार्थी स्वतःचा लिनक्स युजर्स ग्रुप चालवतात, एकमेकांना सर्व्हर उभा करायला शिकवतात. तिथून मिरजेची तहसील कचेरी काही किलोमीटरवर आहे. त्या पोरांनी ओडीसीचा एखादा अहवाल सोडवायला घेतला, तर त्यांना स्कॉटच्या टेबलात कधी न भेटलेली माणसे भेटतील.

2021मध्ये राज्यभरातल्या तलाठ्यांनी आंदोलन केले तेव्हा त्यांनी आपल्या डीएससी तहसील कार्यालयात नेऊन जमा केल्या. फेरफार तिथल्या तिथे थांबले.