विद्यापीठातील नोकरी : पाठांतर नव्हे, तर्क हवा

एम.ए., एम.कॉम.ची पदवी हातात पडली की घरात एकच प्रश्न घोळू लागतो – आता पुढे काय? विद्यापीठात शिकवायची हौस असते, विषयही तयार असतो. वाट अडते ती ‘नेट’पाशी. आणि गंमत म्हणजे आपल्या विषयात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी कितीतरी मुले अडखळतात ती पहिल्या पेपरात.

विद्यापीठ अनुदान आयोगाची ही परीक्षा १९८९ साली सुरू झाली. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) असलेल्यांना ती देता येते. दुसरा पेपर २०० गुणांचा, आपापल्या विषयाचा. पहिला १०० गुणांचा, ५० प्रश्नांचा आणि सर्वांना सारखाच. मराठीचा विद्यार्थी असो वा वाणिज्याचा, त्याला आकडेवारीचे तक्ते वाचावेच लागतात.

एक नमुना पाहा. एका महाविद्यालयात गेल्या वर्षी ४० टक्के मुली होत्या, यंदा ५० टक्के आहेत. मुलींची संख्या वाढली का? घाईने ‘हो’ म्हणणारा फसतो. गेल्या वर्षी एकूण विद्यार्थी १००० आणि यंदा ८०० असतील, तर मुली दोन्ही वर्षी ४००च! एकूण आकडा कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. गणिताची भीती बाळगणाऱ्यांनीही घाबरू नये. येथे शाळेतले शेकडेवारीचे गणित पुरते, मात्र डोके शांत हवे. अनुमानाचे भारतीय शास्त्रही अभ्यासक्रमात आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथे अग्नी आहे असे म्हणताना मधला दुवा कोणता, हे ओळखायचे असते. गाइडमधली उत्तरे घोकून हे जमत नाही. रोज वर्तमानपत्रातला एखादा तक्ता घेऊन त्यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे लिहून काढणे अधिक उपयोगी.

संसारामुळे शिक्षण मागे पडलेल्या गृहिणींनी एक गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी. संशोधनवृत्तीला वयाची अट आहे. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला कमाल वयोमर्यादा नाही. चाळिशीतही ही परीक्षा देता येते. वृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये (जानेवारी २०२३ पासूनचा दर) मिळतात.

पण पात्रता म्हणजे नोकरी नव्हे. पेढे वाटण्यापूर्वी जाहिरात नीट वाचावी. कायम सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. ‘तासिका तत्त्वावर’ असे छापले असेल तर घेतलेल्या तासांपुरतेच मानधन. सुटीत तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. महाराष्ट्र-गोव्याची ‘सेट’ उत्तीर्ण झालेल्यांनी आणखी एक पाहावे : तिची पात्रता याच दोन राज्यांपुरती चालते. नवऱ्याची बदली इंदूर किंवा हैदराबादला होण्याची शक्यता असेल, तर ‘नेट’च दिलेली बरी.